तुझ्या त्या सतरा ओळी

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस की बाबा, सगळ्यांनी मिळून लिहायच्या त्या इमारतींच्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरवर काम करायला लागून चार महिने झाले आणि माझ्या नावावर काय तर कोडच्या सतरा ओळी, त्यातल्या सहा तर नुसत्या कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्यासाठीच्या टिपा. मी तेव्हा काही बोललो नाही, फोनवर मला पटकन सुचत नाही हे तुला माहितीये, आणि खरं म्हणजे मला आधी त्या ओळी नीट वाचायच्या होत्या. आता वाचल्यात. कोड अर्धाच कळला पण तू काय दुरुस्त केलंस ते पूर्ण कळलं, कारण अशाच एका गोष्टीने मी पण एकदा पोळलोय.

आयएफसीत, म्हणजे इमारतीचं मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायच्या त्या खुल्या फाईल फॉरमॅटमध्ये, खिडकी थेट भिंतीत नसते ना, भिंत वेगळी, भिंतीतलं ओपनिंग वेगळं, त्यात बसणारी खिडकी वेगळी, आणि त्यांना जोडणारी दोन नाती पण वेगळी लिहिलेली असतात, एक सांगतं की या ओपनिंगने ही भिंत कापलीये आणि दुसरं सांगतं की ते ओपनिंग या खिडकीने भरलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कशाला एवढा पसारा. पण साइटवर असंच तर असतं, गवंडी आधी ओपनिंग सोडतो, खिडकी कितीतरी नंतर येते, आणि मधल्या काळात त्या भोकाला स्वतःचं माप असतं, जे खिडकीच्या मापापेक्षा थोडं जास्तच ठेवावं लागतं.

तू दुरुस्त केलेल्या त्या बगमध्ये भिंत कॉपी केली की स्क्रीनवर भोक दिसायचं पण सेव्ह करताना नव्या भिंतीचं ते पहिलं नातं लिहिलंच जायचं नाही, बरोबर? म्हणजे पुढचा माणूस फाईल उघडणार तेव्हा त्याला भरीव भिंत मिळणार, आणि खिडकी त्या भरीव भिंतीत नुसती रुतलेली. आणि बाहेरून बघितलं तर काहीच चुकलेलं दिसत नाही! माझ्या बाबतीत हेच झालं होतं. मी तेव्हा जिथे काम करायचो तिथे दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या मॉडेलवरून विटा आणि प्लास्टरची क्वांटिटी काढली, सगळ्या खिडक्या डोळ्यांना दिसत होत्या म्हणून मी निर्धास्त, आणि आकडे आले ते पूर्ण भरीव भिंतींचे. ऑर्डर जाऊन माल येऊन पडला तेव्हा कळलं. बोलणी मीच खाल्ली, चूक मॉडेलमध्ये होती हे पटवायला पण मला जमलं नाही. तुझ्या सतरा ओळी तेव्हा असत्या तर, असं सारखं मनात येतं बघ.

तुझा कोड तपासणाऱ्यांनी तो रिव्ह्यूत तीनदा परत पाठवला म्हणून तू हिरमुसलीस. तिसऱ्यांदा त्यांनी टेस्ट लिहायला लावली ते मला सगळ्यात आवडलं. पुढे कोणीही तो कोड हलवला आणि भोक परत हरवलं तर ती टेस्ट लगेच ओरडेल. आणि चार महिन्यांचं म्हणशील तर फ्रीकॅड या फुकट मिळणाऱ्या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरचं बघ, २००२ च्या सुमारास सुरू झालं आणि १.० हा व्हर्जनचा आकडा लागला नोव्हेंबर २०२४ मध्ये. त्यात तो जुना त्रास होता ना, एखाद्या पृष्ठभागावर काहीतरी बसवायचं आणि आधीच्या पायरीत बदल केला की पृष्ठभागांचे नंबरच बदलायचे आणि बसवलेलं भलतीकडे जायचं. त्यावर एका डेव्हलपरने आपल्या वेगळ्या शाखेत, म्हणजे कोडच्या स्वतंत्र प्रतीत, वर्षानुवर्षं काम केलं आणि मग बऱ्याच जणांनी मिळून ते तुकड्या तुकड्याने मुख्य कोडमध्ये आणलं. त्या तुकड्यांमध्ये पण सतरा ओळींचे असतीलच की.

माझ्या पहिल्या नोकरीतली ड्रॉइंग्ज अजून माझ्याकडे आहेत पण उघडत नाहीत, ते सॉफ्टवेअरच आता कुठे मिळत नाही. इमारती उभ्या आहेत, लोक राहतायत, आणि कुठल्या भिंतीतून कुठला पाइप गेलाय ते असलेली फाईल मुकी झालीये. म्हणून मला आयएफसी बद्दल एवढं वाटतं, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तरी एकेक ओळ वाचता येते, भिंत आहे, दार आहे, प्रत्येकाला २२ अक्षरांची स्वतःची ओळख आहे. २०१३ पासून ते आयएसओ १६७३९ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड म्हणून मान्य आहे आणि २०२४ च्या आवृत्तीत रस्ते, पूल, रेल्वे पण आलं. पण स्टँडर्ड कागदावर असून काय, ते बरोबर वाचणारं आणि बरोबर लिहिणारं कोणीतरी लागतं, आणि ते काम तू करतीयेस, नोकरी सांभाळून, रात्री बसून.

आता पुढचा जो इश्यू, म्हणजे नोंदवलेली तक्रार, घेतलायस, सर्व्हेचे को-ऑर्डिनेट, म्हणजे जमिनीवरची जागा सांगणारे मोठे आकडे, असले की मॉडेल थरथरतं तो, त्यात एक सांगतो. कॉम्प्युटर चित्र दाखवताना वापरतो त्या ३२ बिटच्या दशांश आकड्यात साधारण ७ अंकच नीट राहतात, पाच लाख मीटरच्या आसपास गेलं की तीन तीन सेंटीमीटरच्या उड्या पडतात, म्हणून दाखवताना मॉडेल ओरिजिनजवळ, म्हणजे शून्याजवळ, आणावंच लागेल. पण गुपचूप सरकवू नकोस गं. किती सरकवलं ते युजरला दिसू दे आणि एक्सपोर्ट करताना मूळ आकडे जसेच्या तसे जाऊ देत, नाहीतर साइटवर खांब भलत्या जागी आखला जाईल आणि का ते कोणाला कळणार नाही.

आणि हो, तुझं नवं व्हर्जन लावून मी दोन दिवस खेळत होतो. दार मिरर केलं, म्हणजे आरशातल्यासारखं उलटवलं, की चित्रात उलटं उघडतं पण प्रॉपर्टीत अजून डावंच लिहिलेलं राहतं. तू शिकवलंस तसं केलंय, मोठं मॉडेल नाही पाठवत, फक्त एक भिंत आणि एक दार ठेवलंय, पायऱ्या क्रमाने लिहिल्यात, व्हर्जन नंबर पण दिलाय. आधी कोणी नोंदवलंय का ते शोधलं, मला तरी दिसलं नाही. सवडीने बघ आणि माझं लिहिणं बरोबर असेल तर सांग, मग मी स्वतःच इश्यू टाकतो.

तुझा,
बाबा