नॅनो-कर्क्युमिनवर काम करणाऱ्या लेकीस

वसमत

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

एम.फार्म.च्या प्रकल्पाला तू नॅनो-कर्क्युमिन, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या कर्क्युमिनचे अतिसूक्ष्म कण, घेतलंस हे कळल्यापासून तुझे अप्पा मोंढ्यात ज्याला त्याला सांगत सुटलेत, "आमच्या पोरीनं हळदीतून कॅन्सरचं औषध काढलं." वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून इथं काहीही खपतं!

मसुदा वाचला. 'कर्क्युमिनचे शोषण वाढवणे हे उद्दिष्ट' हे वाक्य मला खटकलं. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, आतड्यातून जेमतेम रक्तात जातं आणि गेलेलंही यकृत लगेच बदलून टाकतं, हे खरं. पण मिऱ्यातलं पायपेरीन घालून शोषण वाढवलेल्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत. रक्तात जास्त जाणं वेगळं, हव्या त्या जागी जाणं वेगळं.

१९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं डॉक्सिल बघ. त्यातलं डॉक्सोरुबिसिन जुनंच. कॅन्सरवर चालायचं, पण हृदयाला बाधायचं. ते सुमारे १०० नॅनोमीटरच्या लायपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म फुग्यात, कोंडलं. निरोगी रक्तवाहिन्यांतून एवढा कण सहसा बाहेर पडत नाही, कॅन्सरच्या गाठीतल्या वाहिन्या मात्र गळक्या असतात, तिथून तो बाहेर झिरपतो. हृदयाचा धोका कमी झाला, तळहात-तळपाय लाल होऊन सोलण्याचा त्रास मात्र वाढला. म्हणून औषध आणखी कुठं कुठं गेलं, तेही मोजावं लागतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा २०१६ मध्ये एक आढावा निघाला. त्यात टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेल्यांचा मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमानं लावले की मधोमध येणारा, ०.७ टक्के भरला. बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहा गिळतात. फवाऱ्यातलं औषध तणावर पडलं की अप्पा गड्यावर ओरडतात, त्यांना हा आकडा सांगू नकोस.

बायोप्रिंटिंगचा भाग मला आवडला. अल्जिनेटमध्ये, म्हणजे समुद्री शेवाळापासूनच्या चिकट पदार्थात, जिवंत पेशी मिसळून थरावर थर चढवायचे, कॅल्शियमच्या द्रावणानं घट्ट करायचे. ताटलीतल्या एकेरी थरात औषध किती खोल शिरतं ते कळत नाही, अशा जाड तुकड्यात कळतं. पण तू फक्त गाठीच्या पेशी छापणार आहेस. शेजारी यकृताच्या पेशींचा तुकडा ठेवता येईल का, मॅडमना विचार. शिवाय तुझ्या तुकड्यात रक्तवाहिन्याच नाहीत, तेव्हा गळक्या वाहिन्यांचा फायदा त्यात तपासला जाणार नाही, हे मसुद्यात स्पष्ट लिही. परीक्षक तिथंच धरतील.

घरची हळद मागितलीस ती पाठवत नाही. आपल्या दोन रानांतल्या सेलम जातीच्या हळदीतही कर्क्युमिन सारखं भरत नाही. शुद्ध केलेलंच विकत घे, पैसे लागले तर कळव.

तुझी,
आई