उरण लोकल : बेलापूरला उतरणाऱ्यांचे हाल

मा. संपादक,

स. न. वि. वि.

उरणच्या लोकलबद्दल पाटण तालुक्यातल्या माणसाने पत्र लिहावे, याचे कोणाला नवल वाटेल. पण आमच्याकडे घराघरातले कोणी ना कोणी माथाडी म्हणून नवी मुंबईच्या मार्केटला गेलेले आहे. मीही तुर्भ्याला हयात काढली. आता मुलगा उलव्यात राहतो, म्हणून उरण लाइनवरचे बामणडोंगरी स्टेशन मला कराडच्या स्टेशनाइतकेच ओळखीचे झाले आहे.

ही लाइन खारकोपरपर्यंत 2018 मध्ये आली. तिथून उरण गाठायला 12 जानेवारी 2024 उजाडले. तरघर आणि गव्हाण ही स्टेशने त्यानंतरची. स्टेशने ऐसपैस आहेत, फलाट लांबलचक आहेत. तक्रार आहे ती गाड्यांची.

रात्रीची एसटी पहाटे बेलापूरला सोडते. हातात तांदळाची पिशवी, सोबत मंडळी. उरणच्या काही गाड्या बेलापूरहून सुटतात, काही नेरूळहून, आणि दोन्ही पुढे तरघरच्या अलीकडे एकाच मार्गाला लागतात. आता बेलापूरची गाडी नुकतीच गेली असेल, तर तिथेच थांबायचे की हार्बरने नेरूळ गाठायचे? गेल्या खेपेला मी नेरूळला गेलो. जिना चढून-उतरून फलाटावर पोचलो तर गाडी समोरून निघून गेली. बेलापूरलाच थांबलो असतो तर आधी पोचलो असतो, असे मुलगा म्हणाला. मुंबईकराला दोन लोकलमध्ये चार मिनिटे जास्त गेली तरी तो घड्याळ बघतो. इथे एक गाडी चुकली की चहा पिऊन, पेपर वाचून झाला तरी पुढची येत नाही.

जाता जाता एक. द्रोणागिरी स्टेशनाला बोकडवीरा नाव द्यावे, अशी तिथल्या गावकऱ्यांची मागणी होती. काहींना ती क्षुल्लक वाटली. ज्यांच्या शेतावर, मिठागरावर सिडको उभी राहिली, त्यांच्या गावाचे नाव निदान पाटीवर तरी राहावे, हे कोयनेच्या पाण्यात घरदार गेलेल्या आम्हा लोकांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आमची कोल्हापूर-मुंबई सह्याद्री एक्स्प्रेस कोरोनात बंद पडली आणि सुरू झाली ती पुण्यापर्यंतच. त्यामुळे एसटीवरचा भार वाढला आहे, आणि एसटीतून उतरलेल्या माणसाची पुढची भिस्त या लोकलवरच असते. गाड्या वाढवायला वेळ लागेल, हे मान्य. तोवर बेलापूर आणि नेरूळ या दोन्ही स्टेशनांवर, दोन्हीकडून सुटणाऱ्या उरण गाड्यांचे एकच वेळापत्रक मोठ्या मराठी अक्षरात लावावे. आणि पहाटेच्या एक-दोन फेऱ्या तरी साताऱ्याकडून येणाऱ्या एसटीच्या वेळा बघून सोडाव्यात.

आपला,
एक निवृत्त माथाडी कामगार
ता. पाटण, जि. सातारा