क्षमाही हवी, फिर्यादही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातली ख्रिस्ती प्रार्थनासभा उधळली, पाळकांना मारहाण झाली, अशा बातमीच्या शेवटी हल्ली एक वाक्य ठरलेले असते: 'आम्ही त्यांना क्षमा केली आहे, आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही.' यातला पहिला भाग शुभवर्तमानातला आहे. दुसरा बहुतेक वेळा भीतीतून आलेला असतो, आणि त्याला क्षमेचे नाव देणे बरे नव्हे.

ओडिशातील मनोहरपूर येथे 22 जानेवारी 1999 च्या रात्री कुष्ठरोग्यांत काम करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप (10) व टिमोथी (6) ही मुले गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, हे आपल्या प्रत्येक उपदेशात येते. पुढचे फारसे कुणी सांगत नाही. त्या लगेच ऑस्ट्रेलियाला निघून गेल्या नाहीत. बारीपदा येथील कुष्ठरोग्यांचे काम त्यांनी 2004 पर्यंत सांभाळले. या हत्येची चौकशी करणाऱ्या वाधवा आयोगापुढे त्यांनी प्रतिज्ञापत्र दिले. मनातली क्षमा वेगळी आणि गुन्ह्याची शिक्षा वेगळी, ही त्यांची भूमिका होती. 2003 मध्ये 13 जण दोषी ठरले, पण 2005 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या 11 जणांना पुरावा अपुरा म्हणून सोडले. एवढ्या गाजलेल्या खटल्याची ही गत, तर खेड्यातल्या सभेवरील हल्ल्यात तोंडी सांगण्यावर काय टिकणार?

दुसरा गाल पुढे करा म्हणणाऱ्या प्रभू येशूनेच, महायाजकापुढे शिपायाने चपराक मारली तेव्हा, 'मला का मारतोस?' असे विचारले (योहान 18:23). फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला फटके मारून तुरुंगात टाकले आणि सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जायला सांगितले. तो गेला नाही. आपण रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे, असे त्याने बजावले (प्रे. कृत्ये 16:37). पोलीस ठाण्यात आजही हाच सल्ला मिळतो: 'मिटवून टाका, उद्यापासून सभा बंद ठेवा.'

म्हणून मंडळीने (चर्चने) हे करावे. हल्ला सुरू असतानाच 112 वर फोन. कोणी व किती वाजता केला ते लिहून ठेवावे. जखमीला आधी सरकारी दवाखान्यात नेऊन एमएलसी (पोलिसी प्रकरण म्हणून जखमेची वैद्यकीय नोंद) करून घ्यावी. खासगी डॉक्टरकडे टाके घालून दोन दिवसांनी आलेल्या जखमेवर बचाव पक्षाचा वकील पहिला बोट ठेवतो. चित्रीकरण ज्या मोबाईलमध्ये झाले त्यातच मूळ राहू द्यावे. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीचा आकार व दर्जा कमी होतो, तिच्यातला मूळ तपशील जातो, आणि पुढे न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडताना पंचाईत होते. शिवाय तोच व्हिडिओ गटागटांतून फिरवला की आपल्याच तरुणांची माथी भडकतात.

फिर्यादीत वचने नकोत. तारीख, वेळ, जागा, कोण कोण ओळखीचे होते, कोण काय बोलले, कोणी काय फोडले, एवढेच. 'अज्ञात जमाव' असे लिहून मोकळे झाले की तपास तिथेच थांबतो. उपासनेत व्यत्यय आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 300 खाली आणि उपासनास्थळाची नासधूस हा कलम 298 खाली गुन्हा आहे. घटना आमच्या हद्दीतली नाही असे ठाण्याने सांगितले तर शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर, जो कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो) गुन्हा नोंदवायला सांगावे. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नये. नोंदच घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आता आपल्या घरातले. दुसऱ्यांच्या देवांची टिंगल करणारी पत्रके आणि 'गोळ्या बंद करा, प्रार्थनेने बरे व्हाल' ही वाक्ये वेदीवरून ताबडतोब बंद झाली पाहिजेत. त्यामुळे कुणाला मारहाण करण्याचा अधिकार मिळत नाही; पण मधुमेही माणसाचे इन्सुलिन थांबवणे ही श्रद्धा नसून जिवाशी खेळ आहे, आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याला आमंत्रणही. प्रेषित पेत्राने आपल्या आशेचे कारण सांगायला नेहमी तयार राहा म्हटले, त्याच वचनात सौम्यतेने सांगा असेही म्हटले आहे (1 पेत्र 3:15). सभेत पैसे, धान्य किंवा शाळेच्या फीची मदत वाटू नये. मदत निराळ्या दिवशी, निराळ्या हिशेबाने आणि धर्म न विचारता व्हावी. धर्मांतरासाठी आमिष दाखवल्याचा आरोप झाला की त्या हिशेबाची वहीच कामाला येते.

आणि पुढच्या रविवारी सभा त्याच जागी, त्याच वेळी भरावी. दार उघडे असावे. त्याआधी दोघा-तिघा वडीलधाऱ्यांनी गल्लीतल्या घरांत जाऊन आपण काय वाचतो, काय गातो ते सांगून यावे आणि यायचे असेल तर या म्हणावे. हल्लेखोरांची नावे घेऊन प्रार्थना करावी, शाप म्हणून नव्हे.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती: अशा बातमीत 'क्षमा केली' हे जरूर छापा, पण गुन्हा नोंद झाला का आणि कोणत्या कलमाखाली, तेही एका ओळीत द्या.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर