ड्रायरचा ब्रेक काढून ठेवल्याबद्दल आणि न मिळणाऱ्या रबरी सीलबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
वॉशिंग मशिन विभाग
(कंपनीचे नाव या प्रतीत गाळले आहे.)

विषय : जुन्या सेमी-ऑटोमॅटिक मशिनची धोकादायक दुरुस्ती व सुटे भाग देण्यास नकार

महोदय/महोदया,

आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा मेकॅनिक आमच्याकडे डोंबिवलीला ड्रायरची गळती थांबवायला आला होता. तो गेला तेव्हा गळती होती तशीच होती, वर ड्रायरचा ब्रेक नाहीसा झाला होता. आता झाकण उघडले तरी मोटर चालूच राहते, कारण झाकणाच्या स्विचच्या दोन्ही वायरी पिळून एकमेकींना जोडल्या आहेत आणि त्यावर काळी टेप मारली आहे. "झाकण उघडू नका, मग काही होत नाही," असे सांगून त्याने व्हिजिट चार्ज घेतला. पावतीवर शेरा आहे : मशिन ओके.

हे ओके कसे, ते मला आपल्याकडून लेखी हवे आहे.

मशिन १९९० च्या दशकातले, दोन टबांचे, पत्र्याच्या बॉडीचे आहे. ड्रायरची टोपली खालच्या मोटरला थेट जोडलेली असते आणि मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेते. झाकण उघडले की स्विच मोटरचा वीजपुरवठा तोडतो, ब्रेकची वायर सैल पडते, स्प्रिंग ब्रेक शूला ड्रमवर दाबते आणि टोपली काही क्षणांत थांबते. या रचनेवर विश्वास टाकूनच माझ्या सासूबाई इतकी वर्षे झाकण उघडून लगेच कपडे काढत आल्या. ओल्या साडीचा पदर फिरत्या टोपलीत मनगटाला गुंडाळला गेला तर काय होईल, हे आपल्या इंजिनिअरांना मी सांगायला नको. सध्या आम्ही ड्रायरचा टायमर कोणी फिरवू नये म्हणून त्याची चकतीच काढून ठेवली आहे आणि कपडे हाताने पिळतो.

ब्रेक का काढला, तर त्याची वायर झिजून तुटायला आली होती, त्यामुळे ब्रेक पूर्ण सुटत नव्हता आणि मोटर नुसती घुमत होती. नवी वायर "येत नाही". साहेब, ती वायर म्हणजे सायकलच्या ब्रेकच्या वायरीची धाकटी बहीण. ती मिळत नाही म्हणून ब्रेकच काढून टाकायचा, हा उपाय आपल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात का?

आता मूळ दुखण्याकडे येते. टोपलीचा दांडा जिथे टबच्या तळातून खाली मोटरकडे जातो, तिथे रबराचा सील असतो. मेकॅनिक लोक त्याला बेलो म्हणतात. साबण, क्षारांचे पाणी आणि सततचे फिरणे यांमुळे त्याची ओठासारखी कड झिजते. ती झिजणारच, तिचे कामच ते. झिजली की पाणी दांड्यावरून ओघळत मोटरच्या वरच्या बेअरिंगवर पडते. आधी कुरकुर, मग गंज, आणि दुर्लक्ष केले तर एक दिवस वाइंडिंग जळते. म्हणजे एवढ्याशा रबरासाठी अख्खी मोटर जाते. मागचा पत्रा काढायचा, कपलिंगचे स्क्रू ढिले करायचे, टोपली वर उचलायची, जुना सील काढून जागा स्वच्छ करायची, नवा सील ग्रीस लावून बसवायचा. पूर्वी आपल्याच कंपनीच्या माणसाने हे काम आमच्यासमोर, गप्पा मारत केले होते. यावेळच्या माणसाने दांड्याभोवती सिलिकॉन थापले. फिरत्या दांड्याला सिलिकॉन कसे धरणार? पहिल्याच फेरीत त्याचे तुकडे ड्रेन पाइपमध्ये गेले.

मशिनची हेळसांड झाली, असे उत्तर कृपया देऊ नये. कपडे झाल्यावर दोन्ही झाकणे उघडी ठेवणे, धाग्यांची जाळी धुणे, पट्टा आणि कपॅसिटर वेळेवर बदलणे, हे सगळे होत आले आहे. रचनेतले दोष आम्ही आमच्या खर्चाने निस्तरले. बाथरूमच्या दाराशी राहणाऱ्या यंत्राला खालून साधा पत्रा देण्याची कल्पना कोणाची होती कोण जाणे. तो गंजतो, म्हणून रेडऑक्साइड लावतो. तळ उघडा होता, उंदरांनी वायरी कुरतडल्या, तेव्हा जाळी ठोकून घेतली.

तरीही हेच मशिन का, असे आपल्या कॉल सेंटरच्या मुलीने विचारले. आमच्याकडे पाणी ठराविक वेळ येते आणि वरच्या मजल्यावर नळाला जोर नसतो. या मशिनमध्ये बादलीने पाणी भरता येते. त्याच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी निघतात. चाकांवर सरकवून ते कोपऱ्यात बसते. तिने हे ऐकून घेतले आणि एक्स्चेंज ऑफर सांगितली. सीलचे माप विचारले तर "हे मॉडेल सिस्टिममध्ये नाही." जी नवी सेमी-ऑटोमॅटिक घ्या म्हणतात, तिच्या ड्रायरखालीही असाच सील आहे, मापात काय तो फरक असेल. तो झिजेल तेव्हा ते मॉडेल सिस्टिममध्ये असेल का?

युरोपीय संघात मार्च २०२१ पासून असा नियम आहे की, वॉशिंग मशिनच्या एखाद्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान दहा वर्षे त्याचे ठरावीक सुटे भाग मिळाले पाहिजेत. तो नियम इथे लागू नाही, आणि लावला तरी आमच्या मशिनची मुदत केव्हाच उलटली, हे मला कळते. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर पोर्टलही सुरू केले. त्यावर कंपन्यांनी माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. पण माझी तक्रार त्यावर अवलंबून नाही. मशिन जुने असले तरी सेवा मी आत्ता, पैसे मोजून घेतली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ही सेवेतील त्रुटी आहे.

तेव्हा ब्रेक आणि झाकणाचा स्विच आपल्या खर्चाने पूर्ववत करून द्यावा आणि व्हिजिट चार्ज परत करावा. सील व वायर गोदामात असल्यास योग्य किंमत घेऊन द्यावी. नसल्यास सीलची मापे, म्हणजे दांड्याचा व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची, लेखी कळवावी. रबरी सील विकणारे दुकानदार मापावरून जुळता सील शोधून देतात. त्याचबरोबर, झाकणाचा स्विच बायपास करू नये अशी सूचना आपल्या सर्व सर्व्हिस सेंटरना द्यावी आणि तिची प्रत मला पाठवावी. या मेकॅनिकची नोकरी जावी अशी माझी इच्छा नाही. त्याच्या पिशवीत सिलिकॉन आणि टेपशिवाय काही नव्हते. ती पिशवी कोण भरून देते, ते पाहावे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन. पावतीची प्रत आणि टेप मारलेल्या वायरींचे फोटो सोबत जोडले आहेत. माणूस पाठवणार असाल तर सकाळी नऊनंतर पाठवावा. त्याआधी पाण्याची वेळ असते.

आपली,
एक ग्राहक
डोंबिवली (पूर्व)