माझ्या मुलीला खरं सांगणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

लंडन ब्रिजजवळच्या ओल्ड ऑपरेटिंग थिएटर म्युझियममध्ये त्या दुपारी जुन्या काळच्या शस्त्रक्रियेचं प्रात्यक्षिक तुम्ही दाखवलंत. मी पुण्याहून भावाकडे आलेली, सोबत नऊ वर्षांची लेक. पोरीला रक्ताबिक्ताचं दाखवायला नेतेस, म्हणून घरच्यांनी माझी आधीच हजेरी घेतली होती.

त्यांना तिचा मागच्या वर्षीचा अनुभव आठवत होता. टॉन्सिल्सचं ऑपरेशन. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, पण तिथल्या एकेकानं तिला सांगितलं, "काही होणार नाही गं, मुंगी चावल्यासारखं." मग सुईच्या वेळी दोघींनी हात दाबून धरले, आणि शुद्धीवर आल्यावर घसा आग आग. रडली तर म्हणे, "एवढी मोठी मुलगी आणि रडते?" तेव्हापासून पांढरा कोट दिसला की ती माझ्यामागे लपते.

आणि तुम्ही! कार्यक्रमाआधी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलात आणि म्हणालात, "हे ऐकायला भयंकर आहे. नको वाटलं तर डोक्यावर हात ठेव, मी विषय बदलेन." बास, एवढंच.

मग सुरू झालात. 1822 साली चर्चच्या माळ्यावर, शेजारच्या हॉस्पिटलमधल्या बायकांच्या वॉर्डाला लागून बांधलेलं हे थिएटर. मध्ये लाकडी टेबल, भोवती दाटीवाटीनं उभे विद्यार्थी, खाली रक्त टिपायला भुशाची पेटी. भूल नाहीच, इंग्लंडमध्ये ईथर आलं 1846 च्या अखेरीस. म्हणून सर्जनची सगळी मदार वेगावर. हात धुवायचे तेही नंतर. कोटावर जुनं रक्त वाळलेलं, आणि त्याची लाज नाही. टेबलावर येणाऱ्या बहुतेक गरीब बायका.

तुम्ही करवत उचललीत आणि लेकीचा हात डोक्यावर गेला. वाक्य अर्ध्यात सोडून तुम्ही करवत खाली ठेवलीत आणि पलीकडच्या खोलीत हॉस्पिटलचा औषधवाला कोणत्या वनस्पती वाळवायचा ते सांगू लागलात. तिच्याकडे पाहिलंतसुद्धा नाही, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. खसखशीच्या बोंडांपर्यंत आलात तेव्हा तिचा हात खाली आला. मग करवत पुन्हा उचललीत. नंतर तो हात वर गेलाच नाही, आणि सगळ्यात पुढे झुकून कोण बघत होतं म्हणता? हीच.

1862 मध्ये हॉस्पिटल हललं, थिएटर बंद पडलं आणि 1956 पर्यंत त्याची कुणाला आठवणही नव्हती, हे ऐकून तिला फार राग आला. खाली उतरताना 52 पायऱ्या मोजल्या आणि मला विचारलं, "टेबलावरच्या त्या बाईला कुणी आधी सांगितलं असेल का गं, दुखणार आहे म्हणून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

थिएटरच्या भिंतीवर लॅटिनमध्ये लिहिलंय, दयेपोटी, पैशासाठी नव्हे. असल्या ओळी आमच्याकडे हॉस्पिटलांच्या स्वागतकक्षात ग्रॅनाइटवर असतात, आणि खाली बिलाची खिडकी. माणुसकीला खर्च किती लागतो हो? तुम्हाला वनस्पतींची दोन मिनिटं लागली.

पुढच्या महिन्यात तिची दाढ काढायची आहे. तिनं मला बजावलंय, डॉक्टरांना आधीच सांग, डोक्यावर हात ठेवला की थांबायचं. मी फोन करून विचारणार आहे. हो म्हणाले तरच अपॉइंटमेंट घेईन.

तुमची ऋणी,
एक आई