शिमग्याला ये, पण पालखीखाली नको

प्रिय बाळू,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू आपटलास की रेंज गेली, ते मी आईला सांगितलं नाही. लिहिताना तरी तोंड आवरतं, म्हणून हे पत्र.

तुझा रिपोर्ट दोनदा वाचला. खुब्याच्या वाटीला कूर्चेची गोल किनार असते, लॅब्रम, ती फाटलीय. आमच्या भाषेत ऑइल सील. लाँचच्या इंजिनावर तीस वर्षं काढली, सील गेल्यावर काय होतं ते मला कोणी शिकवायला नको. डॉक्टरांना म्हटलं, मग बदला की सील! ते हसले. तिथे रक्त फार कमी पोचतं, त्यामुळे आपोआप भरून येणं कठीण, म्हणाले. तरी लगेच ऑपरेशन नाही. आधी फिजिओ, कुल्ल्याच्या आणि पोटाच्या स्नायूंना ताकद. नाहीच भागलं तर दुर्बिणीतून किनार टाके घालून बसवतात, आणि हाडाचा उंचवटा तिला चेपत असेल तर तोही घासून काढतात. मग काही आठवडे कुबड्या, आणि कबड्डी कित्येक महिने बंद.

शिमग्याला ये. पालखी मात्र खांद्यावर घेऊ नकोस.

गणपतीत पंगतीतून उठताना तू खुबा धरलास. अंगठा मागे, बोटं पुढे जांघेशी, खेकडा पकडावा तसा. 'कट' आवाज मलाही आला. तरी एक्स-रे साफ आहे म्हणून चार माणसांत मी 'नाटकं' म्हणालो. एक्स-रेत हाड दिसतं, ही किनार दिसत नाही, हे मला आत्ता कळतंय. चुकलंच माझं.

उकिडवा बसू नकोस. खोल बैठका नकोत. गोळी खाऊन तर अजिबात खेळू नकोस, दुखणं झाकलं जातं आणि... झालं, सुरू झालं माझं. राहू दे.

गेल्या वर्षी तुझ्या खांद्यावर पालखीने खूण काढली, जमिनीत पुरलेला नारळ शोधला. नारळ वर आला तेव्हा माझे डोळे भरले होते, होळीच्या धुराचं निमित्त सांगितलं. म्हणूनच भीती वाटते रे. ढोल वाजला की तुझे पाय थांबणार नाहीत. सहाणेवर, पालखी टेकवतात तिथे, बसून बघ, पालखीखाली जाऊ नकोस.

आईने कुळथाचं पीठ दळून ठेवलंय.

मानकऱ्यांना मी सांगितलंय, यंदा तुझ्या जागी मी खांदा देतो. माझ्या गुडघ्यांचं आईजवळ काढू नकोस.

तुझा,
बाबा