फ्लिक यांची बचावफळी योग्यच

प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांच्या बार्सिलोना या फुटबॉल संघाने बचावफळी मैदानाच्या मध्यरेषेजवळ आणणे धोक्याचे आहे, हे क्रीडा पानावरील लेखातील मत पटले नाही. २६ ऑक्टोबर २०२४ रोजी माद्रिदमध्ये बार्सिलोना ४-० ने जिंकली, तेव्हा रेआल माद्रिदचे खेळाडू १२ वेळा ऑफसाइड ठरले, म्हणजे पास दिला गेला त्या क्षणी ते नियमाविरुद्ध बचावफळीच्या पलीकडे होते. त्यांत ८ वेळा एकटा त्यांचा आघाडीपटू एम्बापे. हा नशिबाचा भाग नव्हे. बार्सिलोनाचे आघाडीचे खेळाडू चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर लगेच धावून जातात, त्याला मान वर करून पास द्यायला उसंत मिळत नाही आणि तेवढ्यात चौघे बचावपटू एकदम पुढे सरकतात. हा दबाव ढिला पडला, तरच मागची मोकळी जागा महागात पडते. त्याआधी सप्टेंबरमध्ये बदललेल्या संघासह ओसासुना संघाकडून २-४ ने हरलो, म्हणून पद्धत सोडू नये. हान्सी फ्लिक यांच्यामुळे आम्हा चाहत्यांना तेव्हा पुन्हा विजेतेपदाची आशा वाटू लागली.

– एक बार्सिलोनाप्रेमी, कोल्हापूर